बसलेल्या बाळाला चहा

नमो बुद्धाय

उपकेंद्र, ता. सिरोंचा
४ जुलै १९८५

चि. सौ. कमळास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मी सुखरूप पोचले. सुखरूप म्हणजे हातपाय मोजून पाहिले, सगळे जागेवर आहेत, एवढंच. आलापल्लीच्या पुढे एका नाल्याशी एस.टी. तीन तास उभी होती. ड्रायव्हर पाण्याकडे बघत होता, पाणी ड्रायव्हरकडे बघत होतं आणि शेजारी बसलेले एक गुरुजी मला शासनाच्या पुलांच्या योजना समजावून देत होते. योजना संपल्या तेव्हा पाणी ओसरलं. पूल अर्थात तिथं नव्हताच.

घर उघडलं तर उंदरांनी लसीकरणाचं रजिस्टर खाल्लेलं, जानेवारी ते मार्च. आता तपासणीला साहेब आले की सांगीन, त्या तीन महिन्यांतली मुलं उंदरांच्या पोटात सुरक्षित आहेत, मोजून घ्या.

तुझ्या रुखमाला राजुऱ्याहून माहेरी आणलीत ते बरं केलं. जावई खाणीत पाळीवर गेले की पोर दिवसभर एकटी. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे. निदान ओरडताना ओळखीची माणसं तरी आजूबाजूला असतात.

तुमच्या अंजनाबाईंचा राग उतरला का? त्या दिवशी अंगणात सगळ्या बाया जमलेल्या, आणि यांनी रुखमाच्या पोटावर तळवा ठेवून डोळे मिटले, मग पंचांनी निकाल द्यावा तसं सांगितलं की बाळ बसलं आहे. मी म्हटलं, बसलं असेल तर पाट द्या, चहा द्या, आलेल्या पाहुण्याला कोणी विचारतं की नाही. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. दाईपण चाळीस वर्षं केलं म्हणून हाताला डोळे फुटत नाहीत. मी स्वतः पाहून सांगितलं आहे ना, डोकं खाली आहे, चंद्रपूरच्या फेऱ्या मारायची काही गरज नाही. वीस वर्षं सरकार मला याच कामाचा पगार देतं, आणि सरकार फुकट काही देत नाही हे तुला ठाऊक आहे.

वर्षावासाच्या या तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचन झालं की तुझे बापूराव माझी पत्रं वाचून दाखवतात असं तू म्हणालीस. खिरीवर ठेचा वाढल्यासारखं आहे ते. पण लोकांना आवडत असेल तर माझी हरकत नाही.

इथून पुढचं मात्र वाचू नये, घरचं आहे. रुखमाला विचार, बाळ लाथा कुठं मारतं. वर बरगडीशी, की खाली ओटीपोटात. सहज विचारते. आम्हाला रजिस्टरला अशा नोंदी लागतात.

बापूरावांना जयभीम. थोरल्या बहिणीवर राग आला तर अर्धाच ठेव, लोभ मात्र पुरा ठेव.

तुझी बाई,
वच्छला


नमो बुद्धाय

मु. पो. आपलं गाव, ता. सावली
१५ जुलै १९८५

ती. बाईस,
कमळाचा सविनय जयभीम. सा. न. वि. वि. पत्रास कारण की तुझं पत्र पोचलं.

यांनी ते पौर्णिमेनंतरच्या रविवारी विहारात वाचलं. उंदरांवर लोक हसले, गुरुजींवर हसले, आणि चहाची गोष्ट आली तेव्हा तर देवाजी पाटलाची सून पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली. आता गावातली लेकरं रुखमा दिसली की विचारतात, पाहुण्यानं चहा घेतला काय. ती पण हसते. एकच गोष्ट लिहायची म्हणजे अंजनाबाई तिथीच बसली होती. यांना दिसली नाई. सगळं ऐकून ती उठली, चपला हातात घेतल्या आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी तांदूळ घेऊन तिच्या घरी गेली तर म्हणे की नर्सबाई शिकलेली आहे, तिनं पाह्यलं तर बरोबरच पाह्यलं असंल, मले आता काऊन विचारता.

रुखमाचं म्हणशील तर ती म्हणते की लाथा खालीच लागतात, सारखं लघवीले जा लागते. वर उजव्या बरगडीखाली एक टणक गोळा आहे, खाली वाकलं की तो टोचते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाई. मी म्हटलं ते बाळाचं ढुंगण असंल, तूच सांगून गेली ना की डोकं खाली आहे म्हणून. बरोबर आहे ना?

धानाची रोवणी लागली आहे. बाया मिळत नाईत, मी पण चिखलातच आहे. सावलीच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली आहे, दर मंगळवारी पोटुशा बायांना तपासते म्हणे. मी यांना विचारलं, नेऊ का. हे म्हणाले, बाईनं स्वतः पाह्यल्यावर पुन्हा सावलीले कायले. तुझ्यावर यांचा माझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे, हे तुले माहीत आहेच.

उत्तर लवकर पाठव, लोक वाट पाहून राह्यले. आमच्यावर नजर असू दे.

तुझी,
कमळा


सिरोंचा
२३ जुलै १९८५

चि. सौ. कमळास,
स. जयभीम.

पत्र मिळालं. हे पत्र विहारात वाचू नये. त्यात वाचण्यासारखं काही नाही, आणि मला दोन दिवस ताप होता.

रुखमाला एकदा सावलीला दाखवून आण. रक्तवाढीच्या गोळ्या घ्यायच्याच आहेत, धनुर्वाताचं दुसरं इंजेक्शनही राहिलं असेल. नवी डॉक्टरीण आहे, तिलाही बिचारीला चार पोटं बघायला मिळाली पाहिजेत, नाहीतर शिकणार कशी. तिथं गेल्यावर तिनं पोट तपासलं तर तपासू दे. बाळ कधी कधी फिरतं. मी पाहिलं तेव्हा सातवा महिना होता, त्यात बाळाला भरपूर जागा असते, आज इकडं उद्या तिकडं. तेव्हा पाहिलेलं आता तसंच असेल असं कोणीच छातीठोक सांगू शकत नाही.

अंजनाबाईंकडे तांदूळ घेऊन गेलीस हे चांगलं केलंस. पुढच्या वेळी रिकाम्या हातानं जा, म्हणजे त्या बोलतील. तांदूळ बघून माणसाला आपला अपमान झाल्याची खात्री पटते.

बाकी इथं ठीक. काल रात्रभर पाऊस. गोदावरी बघायला सगळं गाव काठावर जाऊन उभं राहिलं होतं, जसं काही ती आमच्याकडे बघायला आली आहे. इथल्या तेलुगू बाया तपासायला आल्या की आधी एकच विचारतात, तल कुठं आहे. तल म्हणजे डोकं. मी आजकाल दोनदा पाहून सांगते.

गोळ्या विसरू नको. मंगळवार चुकवू नको.

तुझी,
वच्छला


नमो बुद्धाय

५ ऑगस्ट १९८५

ती. बाईस,
स. जयभीम. वि. वि.

बाई, हे पत्र मी घाईनं लिहून राह्यली आहे, अक्षर सांभाळून घे.

गेल्या मंगळवारी रुखमाले सावलीले नेलं. डॉक्टरिणीनं पोट तपासलं, नळी लावली, पुन्हा तपासलं. मग मले आत बोलावलं आणि सांगितलं की बाळ उलटं आहे. डोकं वर, ढुंगण खाली. मांडी घालून बसल्यावाणी. मले आधी अंजनाबाईच आठवली.

डॉक्टरीण रागावत नाई, नीट समजावते. तिनं कागदाच्या मागं चित्र काढून दाखवलं. म्हणे की अजून महिनाभर हातात आहे, कधी बाळ आपल्याच मनानं फिरते, पण पहिलटकरणीचं या महिन्यानंतर फिरेलच असं नाई, त्या भरवशावर राहू नका. चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात एक मोठे डॉक्टर आहेत, ते पोटावरून हातानं हळूहळू फिरवून पाहतात. ठोके ऐकत ऐकत करतात आणि ऑपरेशनची खोली शेजारीच असते. फिरलं तर फिरलं, नाईतर हात काढून घेतात, जबरदस्ती करत नाईत. आणि नाईच फिरलं तर बाळंतपण तिथंच. बाळ फार मोठं नसंल, नीट बसलेलं असंल, तर त्यात मुरलेल्या डॉक्टरच्या हातानं खालूनही होते, नाईतर सिझर. ते त्यांनीच पाहून ठरवायचं. पण घरी मात्र करू नका, असं तिनं तीनदा सांगितलं. म्हणे की आधी पाय येतात, धड येते, आणि शेवटी डोकं अडकते, मग सावलीपर्यंत यायलाही वेळ नसते.

हे बाहेर उभे होते, आत आले. यांनी डॉक्टरिणीले सांगितलं की आमच्या बाई वीस वर्षांच्या नर्स आहेत, त्यांनी स्वतः हात लावून पाह्यलं आहे, तुम्ही तर कालच्या. तिनं तरी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी आता यांच्या खिशातच आहे.

घरी आल्यापासून दोन मतं पडली आहेत. हे म्हणतात, बाईनं पाह्यलं ते खरं, ही पोरगी शिकाऊ आहे. रुखमा पण म्हणते की मोठीमाय खोटं कायले सांगेल, तिनं सांगितलं आहे की घरीच कर, मी इथीच करते, मले पोट चिरून घ्यायचं नाई. मी म्हटलं बाईनं पत्रात लिहिलं आहे ना की बाळ फिरते. हे म्हणाले फिरलं तर पुन्हा पण फिरंल. नदीपलीकडची एक इतवारी नावाची बाई आहे, ती तेल लावून, पोट रगडून बाळ सरळ करते म्हणतात. पुढच्या शुक्रवारी, १६ तारखेले, ती येणार आहे. मी अंजनाबाईकडे गेली, रिकाम्या हातानंच गेली. ती म्हणे की मी हात लावत नाई. एवढंच म्हणे की रगडू देऊ नको. मी म्हटलं हे तू चारचौघांत सांग. तर ती म्हणे, चारचौघांत मी एकदा सांगितलं होतं.

बाई, मले तुझ्या हातची एक ओळ पाहिजे. तू त्या दिवशी काय पाह्यलं होतं ते फक्त लिही. तू जे लिहिशील ते हे लोक ऐकतील, दुसऱ्या कोणाचं नाई.

वाट पाहते.

कमळा


सिरोंचा
१२ ऑगस्ट १९८५

कमळा,
स. जयभीम.

हे पत्र आधी तू वाच, मग बापूरावांना दे. त्यांनी ते विहारात वाचावं, जिथं चहाचा विनोद वाचला तिथंच उभं राहून, आणि अंजनाबाईंना पुढं बसवून. एकही ओळ गाळू नये.

तुझं पत्र आज सकाळी आलं. तशीच ट्रॅक्टरवर बसून सिरोंच्याच्या तारऑफिसात गेले आणि तार केली. मालिश नको, रुखमाला चंद्रपूरला न्या, माझी चूक. पहिल्या कागदावर शेवटचे दोन शब्द नव्हते. तारबाबूनं कागद घेतला, मी पायऱ्या उतरले, आणि मग परत चढून ते दोन शब्द घालून आले. तारबाबू माझ्या ओळखीचा आहे. त्यानं मान वर केली नाही, हे त्याचे उपकार.

आता जे झालं ते.

त्या दिवशी अंजनाबाई म्हणाल्या की बाळ बसलं आहे. मी त्यांच्यानंतर लगेच रुखमाच्या पोटाला हात लावला नाही. मी आधी बोलले, मग हात लावला. चहाचा विनोद झाला, बाया हसल्या, आणि मग मी पोट तपासलं. तेव्हा वर, उजव्या बरगडीखाली, माझ्या हाताला गोल टणक लागलं. बोटांनी टोलवलं तर ते डुललं. डोकं असंच डुलतं, ढुंगण डुलत नाही, सगळं धडच हलतं. हे मी दर वर्षी नव्या पोरींना शिकवते. माझ्या पिशवीत ठोके ऐकायची नळी होती. ती मी बाहेर काढली नाही. काढली असती तर ठोके बेंबीच्या वर लागले असते, आणि मला ते ऐकावे लागले असते.

मी हात उचलला आणि सांगितलं की डोकं खाली आहे. त्या बायांचं हसू अजून थांबलं नव्हतं. हसणाऱ्या वीस बायांपुढं आपण चुकलो म्हणणं मला जमलं नाही. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण मी गेले दीड महिना शोधते आहे, सापडत नाही.

मी मनाला समजावलं की सातव्या महिन्यात अशी बरीच बाळं बसलेली असतात, पुढं आपोआप फिरतात, हेही फिरेल आणि कोणाला काही कळणार नाही. हे खोटं नाही, पुष्कळ बाळं फिरतातच. पण मी ते नर्स म्हणून धरलं नाही, चोरानं अंधार धरावा तसं धरलं. मग लाथा कुठं लागतात ते रजिस्टरच्या नावाखाली विचारलं. तुझं उत्तर आलं तेव्हा मला कळलं होतं. तरी मी तुला गोळ्यांच्या निमित्तानं सावलीला पाठवलं, आणि पत्र विहारात वाचू नको म्हणून लिहिलं. ताप मला आला नव्हता.

१९६६ साली, माझी नोकरी नवी असताना, एका टोल्यावर, जंगलातल्या वस्तीवर, सीता नावाच्या बाईचं बाळ पायांनी आलं. मान येईपर्यंत आलं. मग आलं नाही. बाळ माझ्या हातात होतं आणि नव्हतं. तिथून जीप निघायला अडीच तास लागले. तेव्हापासून उलटं बाळ म्हटलं की मी कोणालाही घरी ठेवून घेत नाही, भांडून पाठवते. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या लेकीला मी सांगून आले की चंद्रपूरची गरज नाही.

मी स्वतः आज निघाले नाही, कारण रस्ता दोन ठिकाणी पाण्याखाली आहे, एस.टी. बंद आहे. हे खरं आहे. एस.टी. बंद आहे असं ऐकलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं आणि मग काळजी वाटली, हेही खरं आहे. पाणी उतरलं तरी इथं दोघी दिवस भरलेल्या आहेत. त्यांना नुसत्या माझ्या बोलण्याच्या भरवशावर सोडून यायचं धाडस आता होत नाही.

बापूराव, ती चिठ्ठी खिशातून काढा. ती डॉक्टरीण कालची असेल, पण तिनं नळी लावली. रुखमाला चंद्रपूरला नेऊन तिथंच ठेवा, दुखायला लागायची वाट बघू नका. वाटेत तिच्या अंगावरून पाणी गेलं तर तिला चालवू नका, आडवी करून न्या. फिरवायचं की नाही, खालून की सिझर, हे तिथले डॉक्टर ठरवतील. सिझर झालं तर पोर कमी बाई होत नाही. इतवारीला येऊ नको म्हणून निरोप द्या. दवाखान्यात फिरवतात आणि ही रगडते, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तिथं ठोके ऐकतात.

अंजनाबाई, तुम्ही बरोबर होता. मला ते तेव्हाच माहीत होतं.

लोभ मागायचं तोंड नाही. रुखमाला जपा.

वच्छला


पोस्टकार्ड
१४ ऑगस्ट १९८५

ती. बाईंस,
बापूरावचा सविनय जयभीम.

आपली तार काल मिळाली. तारेतील तीन वाक्यांपैकी दोन सर्वांना वाचून दाखविली. इतवारीबाईस येऊ नये असे कळविले आहे. तिसरे वाक्य मी वाचले नाही. तार घाईत लिहिली जाते, तारबाबूकडून शब्द इकडचे तिकडे होतात, असा माझा समज आहे. आपल्याविषयी गावात जो मान आहे त्याला धक्का लागू नये असे वाटते. रुखमा कारण विचारते. कारण नसल्यामुळे ती चंद्रपूरला येण्यास तयार होत नाही. तरी योग्य ते कारण कळवावे.

आपला,
बापूराव


नमो बुद्धाय

१४ सप्टेंबर १९८५

ती. मोठीमायस,
रुखमाचा स. जयभीम. सा. न. वि. वि.

आईनं तुले पोरगी झाल्याची तार केलीच आहे. बाकीचं मी लिहीन, असं मी आईले सांगितलं होतं. टाके ओढतात, म्हणून चार दिवसांपासून थोडं थोडं लिहून राह्यली आहे.

तुझं पत्र १७ तारखेले आलं. बाबांनी वाचलं आणि चश्मा काढून ठेवला. म्हणाले, हे मी वाचणार नाई. आई म्हणाली, बाईनं तुम्हालेच वाचायले लिहिलं आहे. बाबा म्हणाले की ग्रंथ वाचायच्या जागेवर उभं राहून मी आमच्या बाईची अशी… आणि पत्र आईच्या हातात दिलं. मग दुसऱ्या दिवशी रविवारी मी वाचलं. उभी राहून वाचलं, पोट टेबलाले लागत होतं. सुरुवातीले एकजण सवयीनं हसली, तार करायले परत चढली तिथं. मग कोणीच हसलं नाई. मी चंद्रपूरची गरज नाई या ओळीवर थांबली होती, पण तू एकही ओळ गाळू नका म्हटलं होतं, म्हणून वाचली.

अंजनाबाई पुढंच बसली होती. वाचून झाल्यावर सगळ्या बाया तिच्याकडे पाहू लागल्या. ती म्हणाली की नर्सबाईचा हात चांगला आहे, तोंड हाताच्या पुढं धावते. मग मले म्हणाली की कपडे बांध, मी येते तुझ्यासोबत. आईची रोवणी राह्यली होती, तर चंद्रपूरले माझ्याजवळ वीस दिवस अंजनाबाईच राह्यली. वऱ्हांड्यात झोपायची. तिथल्या नर्सा तिले आधी हाकलत होत्या, मग चहा देऊ लागल्या.

मोठ्या डॉक्टरांनी २१ तारखेले फिरवून पाह्यलं. दुखलं, पण सहन होण्यासारखं. बाळ आडवं होईपर्यंत आलं, आणि मग ठोके मंद झाले. तर डॉक्टरांनी लगेच हात काढून घेतले. ठोके पुन्हा नीट झाले आणि पोरगी पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली. डॉक्टर म्हणाले, हिले बसूच द्या. पहिलटकरीण, आणि बाळ काई लहान नाई, म्हणून त्यांनी सिझर ठरवलं. ३० तारखेले झालं. मी शुद्धीवर आली तेव्हा अंजनाबाई पोरीले घेऊन बसली होती आणि पोरीचे दोन्ही पाय तिच्याच कानाजवळ होते. अजूनही सोडलं की पाय वर जातात. हे राजुऱ्याहून आले तर पाहून घाबरले. डावा पाय थोडा कमी उघडते, सहाव्या हप्त्यात दाखवायले सांगितलं आहे, कदाचित काही महिने पट्टा बांधा लागंल. डॉक्टर म्हणाले की पोटात बसलेल्या पोरींचं असं होते, कोणाच्या चुकीनं नाई. हे मुद्दाम लिहिते, नाईतर तू तेही आपल्यावर घेशील.

आता जे लिहायचं होतं ते. मोठीमाय, त्या दिवशी मी बाजेवर उताणी पडली होती आणि तुझं तोंड मले सगळ्यांपेक्षा जवळून दिसत होतं. तुझा हात बरगडीखाली आला आणि थांबला. तुझं हसू पण थांबलं, एक क्षणभर. मी पाह्यलं. मी विचारलं नाई. मले वाटलं, आता विचारलं तर हसणं मोडंल, आणि सगळ्या बायांत माझ्या पोटावर एवढं हसणं चाललं होतं ते मले आवडून राह्यलं होतं. डॉक्टरिणीनं सांगितल्यावर पण मीच आईशी भांडली की मोठीमाय खोटं सांगत नाई. तुझा थांबलेला हात मले तेव्हा पण आठवत होता.

म्हणून तू लिहिलं आहे तसं फक्त तुलेच माहीत होतं, असं नाई. मले राग आहे, तो लवकर जाणार नाई. पण त्यातला थोडा माझा माझ्यावरचा आहे, तो तुझ्या नावावर टाकणार नाई.

विहारात लोक बाबांना विचारतात, बाईचं पत्र आलं काय. बाबा नाई म्हणून मान हलवतात. अंजनाबाई म्हणते की पत्रं पुरे झाली, तिले म्हणा ये आणि पोरीले धर. अश्विन पौर्णिमेले नाव ठेवायचं आहे.

येशील तर कळव. मनातलं सगळं लिहिलं म्हणून दुरावू नको.

तुझी,
रुखमा


सिरोंचा
२४ सप्टेंबर १९८५

ती. अंजनाबाईंस,
वच्छलाचा सविनय जयभीम.

हे पत्र रुखमा तुम्हाला घरी वाचून दाखवील, तुम्हाला एकटीला. लोकांना हसवायचं यात काही नाही, आणि रडवायचं माझं एकदा लिहून झालं आहे.

इथल्या दोघींपैकी एकीचं बाळही बसलेलंच निघालं. आधी हात लावला, मग नळी लावली, मग बोलले. रस्ता सुरू होताच तिला पाठवली. तिच्या सासूनं विचारलं की इतकी वर्षं नर्स आहेस, तुला का जमत नाही. मी म्हटलं, जमत नाही. एवढं वाक्य शिकायला मला तुमच्या अंगणापर्यंत यावं लागलं.

मी अश्विन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येते. रजा मंजूर आहे. पोरीला धरीन, पण आधी तुम्ही तिच्या पायाला हात लावून मला सांगा, डावा कुठं अडतो ते. मी तुमचं बोलणं संपेपर्यंत गप्प राहीन. हे मला किती जड जाणार आहे ते कमळाला विचारा, ती पंचेचाळीस वर्षं ऐकते आहे.

मग बाया जमतील, अंगणात, त्याच. त्या माझ्या तोंडाकडे बघत बसतील की आता ही काय बोलते. मी काही बोलणार नाही. तुम्ही पाटावर बसा. चहा मी करून आणते.

तुमचा राग आहे तोवर असू द्या. तो गेला तरी मला कळवू नका, मी येऊन पाहीन.

आपली,
वच्छला